नाताळचा निरोप आणि ऐकणारा कान

मराठी भाषेत 'ऐकणे' या साध्या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. 'देवळाची घंटा ऐकली' असे आपण म्हणतो तेव्हा एक आवाज कानावर पडला, एवढेच सांगायचे असते. पण 'हा मुलगा माझे ऐकत नाही' असे एखादी आई म्हणते तेव्हा मुलाच्या कानात दोष आहे, असे तिला सुचवायचे नसते. शब्द कानापर्यंत पोचला, परंतु हातापायांपर्यंत उतरला नाही, ही तिची तक्रार असते. इब्री भाषेतील 'शमा' हे क्रियापदही असेच दुहेरी आहे. ऐकणे आणि पाळणे हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. लॅटिनमधील आज्ञापालनाचा 'ओबेदिरे' हा शब्द तर 'आऊदिरे' म्हणजे ऐकणे याच शब्दापासून घडला आहे. तीन दूरदूरच्या भाषांनी एकच साक्ष द्यावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कृतीत न उतरलेले ऐकणे हे अपुरे ऐकणे होय, असेच त्या सांगत आहेत.

मग प्रश्न असा की, दरवर्षी 24 डिसेंबरच्या मध्यरात्री जो निरोप आपल्याला दिला जातो, तो आपण यांपैकी कोणत्या अर्थाने ऐकतो? शुभवर्तमानातील तो उतारा आपल्याला जवळजवळ पाठ आहे. कैसराची नावनोंदणी, बेथलेहेमची वाट, उतारशाळेत न मिळालेली जागा, गव्हाणी, मेंढपाळ, देवदूतांचे गीत. वाचकाने पहिले वाक्य उच्चारताच पुढचे आपल्या मनात येते. परंतु जे पाठ असते ते आपण ऐकतोच असे नाही. पुष्कळदा ते ओळखीचे असल्यामुळेच ऐकायचे राहून जाते.

त्या पहिल्या नाताळातही निरोप अनेकांच्या कानांवर पडला होता. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी यरुशलेममध्ये चौकशी केली, तेव्हा हेरोदाने मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावून ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हावयाचा आहे असे विचारले. त्यांनी मीखा संदेष्ट्याचा आधार देऊन अचूक उत्तर दिले : बेथलेहेमात. यरुशलेमपासून बेथलेहेम जेमतेम 8-9 किलोमीटर अंतरावर आहे. दुपारी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत पायी पोचला असता. पण त्या विद्वानांपैकी एकानेही ती वाट धरल्याचे मत्तयने लिहिलेले नाही. शेकडो कोस चालून आलेले परदेशी पुढे गेले आणि ज्यांच्या हाती शास्त्र होते ते घरीच राहिले. उत्तर ठाऊक असणे आणि निरोप ऐकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही. आम्हा धर्मगुरूंनी तर हा प्रसंग विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. कारण प्रश्नाला शास्त्राधारे उत्तर देण्याचेच शिक्षण आम्हाला मिळालेले असते.

जखऱ्या याजकाचेही तसेच झाले. मंदिरात धूप जाळीत असताना देवदूताने त्याला पुत्रजन्माची वार्ता सांगितली आणि त्याने पुरावा मागितला. त्याची वाचा गेली, ती बाळाचे नाव ठेवण्याच्या दिवसापर्यंत परत आली नाही. याला सहसा शिक्षा म्हटले जाते. मला ते औषधही वाटते. ज्याचे सारे आयुष्य बोलण्यात गेले, त्याला देवाने काही महिने केवळ ऐकण्यासाठी दिले.

याउलट मेंढपाळांकडे शास्त्र नव्हते, मंदिर नव्हते, प्रतिष्ठाही नव्हती. त्यांच्याकडे काय होते? ते जागे होते. लूक सांगतो की, ते रानात राहून रात्रीच्या वेळी आपले कळप राखीत होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात यासाठी एक नेमका शब्द आहे : 'जागल'. डिसेंबरच्या थंडीत तूर शेंगांनी लवलेली असते, हरभरा आणि गहू उभा असतो. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत वर्षाची मेहनत मातीत घालवू शकतात. म्हणून शेतकरी शेकोटी पेटवून मचाणावर रात्र काढतो. कधी वीज रात्रीचीच मिळते, म्हणून पिकाला पाणी देण्यासाठी जागतो. जागल करणाऱ्याचा कान विलक्षण तीक्ष्ण होतो. वाऱ्याने हललेले पान आणि जनावराच्या अंगाने हललेले पान, यांतला फरक त्याला अंधारातही कळतो. हा कान त्याला कोणी शिकविलेला नसतो. ज्याच्यावर आपले प्रेम आहे ते राखण्याच्या काळजीतून तो तयार झालेला असतो. देवदूताचा शब्द प्रथम अशा कानांवर पडला, यात मला मोठा अर्थ दिसतो. देवाचा आवाज ऐकू येण्यासाठी आधी कशाची तरी, कोणाची तरी राखण करीत जागे असावे लागते.

त्या मेंढपाळांना जी खूण मिळाली तीही ध्यानात घेण्यासारखी आहे. सिंहासन नव्हे, तेजोवलय नव्हे; कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले एक तान्हे बाळ. लॅटिनमध्ये तान्ह्या बाळाला 'इन्फान्स' म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ 'न बोलणारा' असा आहे. संत योहान ज्याला 'शब्द' म्हणतो, ज्याच्याद्वारे सारे निर्माण झाले, तो शब्द न बोलता येणारा होऊन आला! ख्रिस्तसभेचे प्राचीन आचार्य या विरोधाभासापुढे पुनःपुन्हा थांबले आहेत. नाताळचा निरोप म्हणजे प्रथमतः एखादे वाक्य नव्हे. तो एका मुक्या जिवाचे आपल्या हाती सोपविले जाणे आहे. असा निरोप ऐकायचा तरी कसा?

आई जसे ऐकते तसा. बाळाला शब्द नसतात; तरी भुकेचे रडणे कोणते आणि दुखण्याचे कोणते, हे तिला कळते. जवळ राहिल्याने, पुनःपुन्हा लक्ष दिल्याने कळते. या लक्ष देण्याला आपल्या भाषेत 'अवधान' असा सुंदर शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांजवळ हेच अवधान मागतात. विसाव्या शतकातील फ्रेंच विचारवंत सिमॉन वेल (1909-1943) यांनी तर प्रार्थना म्हणजे मूलतः अवधानच, असे प्रतिपादन केले; आणि पीडित माणसाला सर्वांत अधिक गरज असते ती त्याच्याकडे लक्ष देऊ शकणाऱ्या माणसाची, असेही त्या म्हणत. देवाकडे लावायचा कान आणि शेजाऱ्याकडे लावायचा कान असे दोन वेगळे कान माणसाला दिलेले नाहीत. जो कान एकीकडे बंद होतो, तो दुसरीकडे उघडा राहील ही आशा व्यर्थ आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यात उतरले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले ते 1616 साली. मध्ये 37 वर्षे गेली. त्या काळात त्यांनी साष्टीच्या लोकांची बोली ऐकली, त्यांच्या पुराणांची चाल ऐकली, त्यांची ओढ ऐकली. आणि मगच ख्रिस्तजन्माची वार्ता त्यांनी ओवीत सांगितली. निरोप पोचविणाऱ्याने आधी ऐकणारा व्हावे लागते, हे आपल्या भाषेतील ख्रिस्ती साहित्याच्या उगमापाशीच लिहिलेले आहे.

आता आपल्याजवळ या. आमच्या जिल्ह्यातील महागाव तालुक्यात चिलगव्हाण नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी साहेबराव करपे यांचा पत्नी व चार मुलांसह शेवट झाला, तो दिवस 19 मार्च 1986. शेतीवर जगणे अशक्य झाल्याचे त्यांनी मागे लिहून ठेवले होते. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांची जी दीर्घ आणि दुःखद मालिका पुढे सुरू झाली, तिच्या आरंभी हे नाव घेतले जाते. त्यांना संगीताची आवड होती. त्यांचे गाणे अनेकांनी ऐकले असेल. गाण्यापलीकडचे जे त्यांच्या मनात साचत होते, ते कोणाच्या कानावर पडले होते काय? दोष कोणाला द्यावा म्हणून मी हे विचारीत नाही. 2017 सालापासून पुष्कळ लोक 19 मार्चला अन्नत्याग करून त्या कुटुंबाचे स्मरण करतात.

आपल्या दिनदर्शिकेत 19 मार्च हा संत योसेफाचा सण आहे. शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नाही. तोही एक मुका कुटुंबप्रमुख होता. दिवस भरलेल्या पत्नीला घेऊन तो परक्या गावी आला आणि तेथे त्यांना जागा मिळाली नाही. आपण गोठ्यात त्याची मूर्ती काठीला टेकून उभी करतो. पण कुटुंबाला निवारा देऊ न शकणाऱ्या त्या पुरुषाच्या मनात काय चालले असेल, हे ऐकण्याचा प्रयत्न आपण क्वचितच करतो. आमच्या गावागावांत असे योसेफ आहेत. कर्ज ते कोणाला सांगत नाहीत. विचारले तर 'बरं चाललं आहे' म्हणतात. त्यांच्या बाबतीत ऐकणे म्हणजे जे बोलले जात नाही ते ऐकणे होय. जे अशा अंधारात स्वतःहून निघून गेले, त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे 1992 च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभा शिकविते व त्यांच्यासाठी प्रार्थना करते. परंतु जे अजून आपल्यात आहेत त्यांच्यासाठी केवळ प्रार्थनेवर थांबण्याची मुभा तिने आपल्याला दिलेली नाही.

ऐकले गेल्याने काय होते, याचेही उदाहरण याच जिल्ह्यात घडले. 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला भरले. मूळच्या उद्घाटक लेखिकेचे निमंत्रण रद्द झाल्यावरून वाद पेटला होता. शेवटी 11 जानेवारीला उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील वैशाली येडे या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने. अडचणीच्या वेळी दिल्ली नव्हे, गल्लीतली बाईच उपयोगी पडते, अशा अर्थाचे शब्द त्या बोलल्या आणि विद्वानांनी भरलेला तो मांडव ऐकत राहिला. जिच्याविषयी इतर बोलत आले होते, ती स्वतः बोलली.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, नाताळ हा तारणाचा सण आहे. त्याला समाजकार्याचे रूप देऊ नये. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. देव माणूस झाला ही वार्ता कोणत्याही योजनेत मावणारी नाही. पण देव माणूस झाला हे खरे असेल, तर माणसाचे ऐकणे हे देवाच्या ऐकण्यापासून तोडता येत नाही, हेही त्याच वार्तेत आले. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ऐकल्याने कापसाला भाव मिळतो काय? बँकेचे देणे फिटते काय? नाही. म्हणूनच मेंढपाळांचे ऐकणे तेथे बसून संपले नाही. ते घाईघाईने निघाले. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तेव्हा त्यांनी सर्वांत मोठी मदत केली. ते बोलू लागले, उपदेश करू लागले आणि सारे बिघडले. न ऐकता केलेली मदतही पुष्कळदा असाच उपदेश ठरते.

तरीही एक शंका उरते. आपल्या मनात उमटणारा आवाज देवाचा की आपल्याच इच्छेचा, हे कसे ओळखावे? संत इग्नेशियस 1521 साली लोयोला येथे जखमी होऊन पडले असताना त्यांना एक अनुभव आला. पराक्रमाची स्वप्ने रंगविताना सुख वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. ख्रिस्ताच्या सेवेचा विचार केला की शांती नंतरही टिकून राही. त्याला जोडून बेथलेहेमची कसोटी लावावी. जो आवाज आपल्याला नेहमी सोयीचेच सांगतो, त्याच्याविषयी सावध असावे. मेंढपाळांना निरोपाने काहीच दिले नाही; एका गरीब बाळाकडे जाण्यास तेवढे सांगितले.

वाचकहो, येत्या नाताळात आपण गोठा मांडू, दिवे लावू, मिस्सेला जाऊ, करंज्या आणि केक शेजाऱ्यांना देऊ. यांतले काहीही सोडावे असे मी म्हणणार नाही. गीताचा गजर हा ऐकण्याचा शत्रू नाही. मेंढपाळही गातच परतले. परंतु त्यांचे गाणे बेथलेहेमला जाऊन आल्यानंतरचे होते. आपणही ताटावर रुमाल झाकून शेजारच्या दारी जाऊ, तेव्हा ताट देऊन लगेच मागे फिरू नये. घडीभर बसावे. त्या घरच्या माणसाला बोलू द्यावे, आणि तो बोलला नाही तर त्याच्यासोबत गप्प राहावे. पवित्र मरियेने सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन केले, तसे त्या घरचे मौन आपल्या घरी आणावे, प्रार्थनेत देवापुढे ठेवावे आणि आपल्याला काय करता येईल ते त्याला विचारावे. मेंढपाळ परतले ते आपल्या जुन्याच कामावर, त्याच मेंढरांकडे, त्याच थंडीत. राखण करणे त्यांनी सोडले नाही. आपल्यालाही तीच जागल नेमून दिलेली आहे. ती करण्याचे बळ बाळ येशू आपल्या सर्व कुटुंबांना देवो.