अन्नाचा सूक्ष्म भाग आणि देहाचा दोष

सुटलेल्या पोटाला आपली धर्मबुद्धी असंयमाची खूण मानते आणि कृश देहात तिला तप दिसते. नंदुरबार जिल्ह्यात हा निवाडा टिकत नाही. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भर पावसाळ्यात कणगी रिकामी होते. तिथल्या हडकुळ्या बाईच्या अंगी वैराग्य शोधणे क्रूरपणाचे आहे. पण लठ्ठ माणसाला सरसकट हावरट ठरवणेही तितकेच चूक. खाल्लेले अन्न आणि घडलेला देह यांच्यामध्ये एक सूक्ष्म भाग असतो, आणि तो खाणाऱ्याला दिसत नाही. छांदोग्य उपनिषदाने अन्नाचे स्थूल, मध्यम व सूक्ष्म असे भाग सांगितले आणि सूक्ष्म भागाचे मन होते असे मानले. त्याच उपनिषदात पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहिलेल्या श्वेतकेतूला पाठ केलेले वेद आठवेनात. तेव्हा अन्नाचा विचार हा आत्मविचारापेक्षा हलका, असे त्या परंपरेला तरी वाटत नव्हते.

आजच्या भाषेत हा सूक्ष्म भाग म्हणजे अन्नातली जीवनसत्त्वे आणि खनिजे. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993पासून गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या नवजातांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साधारण 3.5 किलो. आपल्या बाळांचे स्नायू बारीक होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पालेभाजी, फळे, दूध अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळे अधिक भरलेली निघाली. ज्याने अजून एक घासही घेतला नाही, त्याच्या चरबीला असंयम कसे म्हणायचे? पूर्वकर्म म्हणावे तर ते तर्काने खोडता येत नाही. पण ते सगळ्यांनाच सारखे लागू होते, म्हणून दुसऱ्याला दोष देण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

मोठ्यांच्या बाबतीतही गुंता आहे. लठ्ठपणातल्या दाहामुळे यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि आतड्यातून लोह कमी शोषले जाते. म्हणजे जाड देह लोहाला भुकेला असू शकतो. ज्वारीत लोह आणि जस्त दोन्ही असतात, पण धान्यातले फायटेट त्यांना धरून ठेवते. आमचुराच्या आंबटपणाने ती खनिजे काही प्रमाणात मोकळी होतात. अक्राणीतल्या धडगावचे आमचूर मात्र बरेचसे व्यापाऱ्याकडे जाते.

मग खनिजांच्या गोळ्यांनी चरबी जाईल का? नाही. क्रोमियमने वजन घटते याला भरवशाचा पुरावा नसल्याचे 2013च्या कोक्रेन आढाव्यात आढळले. चरबी शेवटी खर्चापेक्षा जास्त ऊर्जा घेतल्यानेच साठते. लोहही सर्वांना सारखे हितकर नाही: नंदुरबार भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या देहात लोह साचते. सूक्ष्म भाग महत्त्वाचा म्हणणे म्हणजे नीतीला जस्तावर नेऊन ठेवणे, हा आक्षेपही मला पटत नाही. संयमाला अर्थ आहेच, पण ज्याच्या ताटात निवड आहे त्याच्यासाठी. उपवासाचे पुण्य भरल्या घरात मोजता येते, रिकाम्या कणगीपाशी नाही.

सातपुड्यातले आदिवासी याहा मोगीला धान्याची देवी मानतात. तिच्यावरच्या श्रद्धेत अन्न हे वाटून घेण्याचे आहे, आणि धर्माने विचारायचा प्रश्न मला तिथेच दिसतो. आदिवासी गर्भवतींना अंगणवाडीतून मिळणाऱ्या अमृत आहाराच्या ताटात रोज पालेभाजी, डाळ, अंडे खरोखर पडते की नाही, हे पाहणे माझ्या मते देवळातल्या नैवेद्याइतकेच धर्मकार्य आहे.