बसवून ठेवणे म्हणजे मान नव्हे

अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातून पिढ्यान् पिढ्या माणसे बाहेर गेली. गिरण्यांच्या काळात मुंबईला, पुढे आखातात, विलायतेत. आणि याच किनाऱ्यावर पिढीजात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली ज्यू १९४८ नंतर इस्रायलला. तरुण जातात ते पोटासाठी. त्यांच्यामागून उतारवयात आईवडील जातात ते मुलांसाठी, आणि या दुसऱ्या जाण्याचा विचार आपण फारसा करत नाही. परक्या गावात त्यांचे चालणे-फिरणे थांबते, गुडघे धरतात, साखर वाढते. मग घरातले म्हणतात, आई व्यायामच करत नाहीत.

दोष असा आईच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. किनाऱ्यावरच्या बाईने व्यायाम म्हणून वेगळे काही कधी केलेच नव्हते. वाडीचे शिंपणे, पडलेल्या झावळ्या ओढून आणून हीर काढणे, बोंबील-जवळा वाळत घालणे, विळीवर बसून नारळ खवणे आणि दिवसातून कितीदा तरी जमिनीवरून उठणे, यातच तिच्या पायांची ताकद टिकून होती. पुरुषांचे पाय बंदरावर, देवळात, मशिदीत जाता-येता चालत होते. फ्लॅटमध्ये ओटा आला, खुर्ची आली, लिफ्ट आली. बाहेर पडावे तर रस्ता अनोळखी आणि भाषा परकी. हालचालीची कारणे गेली, म्हणून हालचाल गेली. अशा माणसाला पावले मोजणारे घड्याळ आणि उपदेश देऊन भागत नाही. त्याला घराबाहेर पडायला कारण द्यावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ज्येष्ठांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचालीची आहे, आणि थोडी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा बरी, हेही ती सांगते. त्यासाठी जिमच हवी असे नाही. मंगळागौरीचे झेपतील तेवढे खेळ, कोळीगीतांवर धरलेला ठेका, भजनाला चालत जाणे, कुंड्यांतली भाजी, कोकणी मुसलमान घरांतल्या बायकांसाठी नमाजाच्या वेळा सांभाळून ठेवलेला फक्त बायकांचा तास, हे सगळे चालते. बेने इस्रायलींनी मलिद्याचा विधी इस्रायलमध्येही जपला. पोहे-खोबऱ्याच्या त्या ताटाभोवती माणसे जमतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही आवरून घराबाहेर पडायला निमित्त मिळते.

नाचगाण्याने स्नायूंना बळ कसे येणार, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. तीच शिफारस तोल आणि ताकदीसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस वेगळे प्रकार सांगते. तेव्हा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे या मेळाव्यातच जोडावे, आणि हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. दुसरा आक्षेप असा की, संस्कृतीच्या नावाखाली आपण माणसाला जुन्या चौकटीतच कोंबतो. तेही खरे. प्रत्येक कोळी आजीला कोळीगीतच हवे असे नाही. एखादीला पोहण्याचा तलाव खुणावत असेल. म्हणून आधी तिला विचारावे आणि तिच्या उत्तराप्रमाणे वागावे.

सर्वांत अवघड आक्षेप आपल्याच घरातला असतो. जन्मभर राबली, आता तिने बसून खावे. या वाक्यामागची माया खोटी नाही, पण तिचा परिणाम घातक आहे. ‘आई, तुम्ही बसा’ म्हणत सून हातातले काम काढून घेते, तेव्हा त्या हातांचे घरातले स्थानही जाते. याच्या उलट टोकाला, नातवंडे आणि स्वयंपाक सांभाळायलाच आईला नेले जाते आणि त्या राबण्याला तिचा व्यायाम म्हटले जाते. दोन्हीकडे निर्णय तिचा नसतो. मनाने निवडलेली हालचाल आणि लादलेले श्रम किंवा लादलेला आराम, यांतला फरक ओळखणे हीच येथली नीती आहे.

परगावच्या आणि परदेशच्या मंडळांनी, जमातींनी आपली सभागृहे आठवड्यातून काही सकाळी ज्येष्ठांसाठी उघडावीत. आणि घरातल्या प्रत्येकाने या रविवारी ‘जरा फिरून या’ असे सांगण्याऐवजी ‘कुठे जाऊ या?’ असे विचारावे, आणि त्यांच्या चालीने त्यांच्याबरोबर चालावे.