पाणी मागणारा पाहुणा

आपल्या छत्रपती संभाजीनगरात माणसं पाण्याचा वार सांभाळून जगतात. कुठे 5 दिवसांनी नळ येतो, कुठे 8-10 दिवसांनी. त्या दिवशी कामावर खाडा पडला तरी चालेल, पण पिंप आणि हंडे भरलेच पाहिजेत. उशाला जायकवाडीचं धरण असून ही गत. म्हणूनच रविवारच्या उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानाचा 4था अध्याय वाचला जातो, तेव्हा तो इथे फारसा समजावून सांगावा लागत नाही. भर दुपारी 12 वाजता विहिरीवर आलेली बाई मंडळीतल्या प्रत्येकाने पाहिलेली असते.

उपदेशात बहुतेकदा जिवंत पाण्यावर भर असतो, आणि तो योग्यच आहे. मी मात्र त्याच्याही आधी अडखळते. येशू त्या शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. तो चालून थकला आहे, शिष्य गावात खायला आणायला गेलेत आणि त्याच्याजवळ पोहरासुद्धा नाही. यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या भांड्यातलं पाणी मागतो, याचं नवल आधी तिलाच वाटतं.

पाण्याची अशी शिवाशिव आपल्याकडेही होती. दौलताबाद इथून जेमतेम 15 किलोमीटर. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तिथला किल्ला पाहायला आले. प्रवासाची धूळ धुवायला त्यांच्यापैकी काहींनी दरवाजाजवळच्या टाक्यातलं पाणी घेतलं, आणि टाकं बाटवलं म्हणून जमाव अंगावर आला. अखेर त्यांना आत सोडलं ते मागे हत्यारबंद शिपाई लावून, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांच्या पूर्वजांनी असंच पाणवठ्यापासून लांब उभं राहून दिवस काढले. त्या घरांत हा अध्याय वाचला जातो, तेव्हा तो दूरदेशीचा राहत नाही.

आमच्या मंडळ्या आल्यागेल्याचं स्वागत मनापासून करतात. दारात हात हातात घेऊन ‘जय ख्रिस्त’ म्हणतात, नव्या कुटुंबाला पुढच्या बाकावर बसवतात, घाटी रुग्णालयात रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकांना डबा पोचवतात. हे सगळं मोलाचंच आहे. पण यात देणारा हात नेहमी आपलाच असतो. आपण त्यांच्याकडून काय घेतो?

वाळूजकडच्या एका खोलीत घरगुती प्रार्थना होती. कुटुंब मंडळीत नवीन, नवरा कंपनीत कंत्राटी कामगार. बाईने निळ्या पिंपावरचं झाकण काढलं, वरचं नितळ पाणी तांब्याने अलगद घेतलं आणि घासलेले स्टीलचे पेले भरून तबकात फिरवले. चौथ्या दिवसाचं पाणी होतं ते, पुढचा नळ कधी येईल याचा भरवसा नाही. दोघा-तिघांनी हसून नको म्हटलं आणि पिशवीतून आपापल्या बाटल्या काढल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पोट बिघडायची भीती खरी असते. पण त्या बाईने तबक मागे घेतलं ते मी पाहिलं.

ज्यांच्या नावावरून जायकवाडीच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात, ते पैठणचे एकनाथ एका महाराच्या घरी जेवले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोरगरिबांना जेवू घालणारे तेव्हाही असतील. नाथ मात्र स्वतः अस्पृश्याच्या पानावर बसले. येशूही त्या शोमरोनी बाईच्या सूखार गावात नुसतं पाणी मागून पुढे गेला नाही. गावकऱ्यांनी राहा म्हटलं, तेव्हा तो 2 दिवस तिथे राहिला. त्या 2 दिवसांत तो त्यांच्याच भाकरीवर, त्यांच्याच अंथरुणावर असणार.

घरगुती प्रार्थनांची यादी करताना मोठा हॉल असलेली घरंच पुन्हा पुन्हा येतात. एका खोलीच्या घराचं नाव निघालं की ‘त्यांना उगाच त्रास नको’ असं कुणीतरी म्हणतं, आणि नाव गळतं. पुढची यादी करताना मंडळीने आधी त्या घरी जाऊन विचारावं: तुमच्याकडे येऊ का, चहा कराल का? नाही म्हणायचं तर ते त्यांनी म्हणावं.