खांद्याचा अधिकार

अन्त्य म्हणजे शेवटची आणि इष्टि म्हणजे यज्ञ. म्हणून अन्त्येष्टि हा देहाचा शेवटचा यज्ञ. यज्ञ म्हटला की अधिकाराचा प्रश्न आलाच. प्रेताला खांदा देण्याचा अधिकार कोणाचा?

गावाकडे उत्तर ठरलेले असे. खांदा भावकीचा, चिता गावच्या नदीकाठी, आणि जातीजातींची स्मशानेही वेगळी. मरणालासुद्धा गावकूस होते! पुढे पोटासाठी कोकणातून, घाटावरून माणसे मुंबईस आली; जागा पुरेना तशी अंधेरी, घाटकोपरकडे सरकली. १९५० साली ही गावे बृहन्मुंबईत आली, १९५७ साली बोरिवली, मुलुंडही आली. शेते नि मिठागरे यांच्या कडेला चाळी उठल्या. तेथे कोणी गेले की भावकी शंभर कोस दूर. अहो, प्रेत थांबते काय? मग शेजारच्या खोलीतला सातारकर पुढे होई, वरचा मालवणी तिरडी बांधी, भजनी मंडळी टाळ घेऊन चालत. पुष्कळदा जात विचारायला सवडच नसे.

म्हाताऱ्यांना मात्र हुरहुर लागे, ‘आपली माती गावाला मिळायची नाही.’ ही हुरहुर खोटी नव्हे. म्हणून तर अस्थी नाशिकास, चंद्रभागेस नेतात. परंतु गति जागेवर अवलंबून असती, तर चोखोबांचे काय झाले असते? शके १२६० मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर तेही गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून नामदेवरायांनी त्या पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. समाधी महाद्वारापुढे आहे. नामदेवराय ना त्यांच्या भावकीचे, ना जातीचे. पराशरस्मृतीने अनाथ प्रेत वाहणाऱ्यास पावलोपावली यज्ञफल सांगितले, पण द्विजांची मर्यादा घातली. संतांनी ती मर्यादा ओलांडून दाखविली.

आज चाळी जाऊन मनोरे उभे राहिले. विजेच्या, गॅसच्या दाहिन्या आल्या. त्यात आम्हांस दोष दिसत नाही, अग्नि तो अग्निच. पण शववाहिनी फाटकाशी उभी राहते आणि चार खांदे जमत नाहीत. भावकी गावी राहिली, शेजार चाळीबरोबर गेला. मग सांगा बरे, अनाथ कोण? भरल्या घरातून एकटा निघणारा हाच की!

म्हणून आम्ही म्हणतो, सूतक सपिंडांना असते, खांदा सर्वांना मोकळा आहे. इमारतीत कोणी गेले तर बोलावण्याची वाट पाहू नये; टाळ घ्यावेत आणि खाली उतरावे. वारीत अनोळखी माणसालाही आपण माउली म्हणून पायांवर डोके ठेवतो. तिरडीवर निजल्यावर ती माउली उरत नाही काय?

रामकृष्णहरि.