तिकिटासाठी मत कोणाचं?

विधानसभा जवळ आली की धारणीच्या चौकात एकच विषय असतो : तिकीट कोणाला? उत्तर धारणीत कोणाकडेच नसतं. ते मुंबईहून नाहीतर दिल्लीहून येतं. धारणी ज्यात येतं तो मेळघाट हा अनुसूचित जमातीसाठी राखीव मतदारसंघ. २००९ साली इथून काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेले केवलराम काळे २०२४ साली भाजपच्या चिन्हावर आमदार झाले. इथल्या कोरकू आदिवासी मतदाराने दोन्ही वेळा बटण दाबलं. चिन्ह कोणाच्या हाती द्यायचं, हे त्याला एकदाही कोणी विचारलं नाही.

उमेदवार निवडणं ही पक्षाची घरगुती बाब, की मतदाराच्या हक्काचाच भाग? यावर सर्वांत चिवट लढाई झाली ती अमेरिकेत, टेक्सासमध्ये. तिथे डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की विजय ठरलेलाच, म्हणजे खरी निवडणूक पक्षाच्या आतली. नेमक्या त्या मतदानातून राज्याने १९२३ साली कायदा करून काळ्यांना वगळलं. त्यांच्यापैकीच एक, डॉ. लॉरेन्स निक्सन, कोर्टात गेले आणि १९२७ साली जिंकले. राज्याने मग तोच अधिकार पक्षाच्या कार्यकारिणीला दिला. १९३२ साली निक्सन पुन्हा जिंकले. मग पक्षाच्या अधिवेशनानेच ठराव केला, आणि १९३५ साली सुप्रीम कोर्टाने तो चालवून घेतला. पक्ष ही खासगी संस्था, तिने कोणाला आत घ्यावं हे तिचं तिने ठरवावं! ही पळवाट बुजायला १९४४ उजाडलं. स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात थर्गुड मार्शल यांनी काळ्या मतदाराची बाजू मांडली आणि कोर्टाने आपलाच निकाल फिरवला.

याच काळात आपल्याकडे प्राथमिक निवडणूक अगदी उलट हेतूने आली होती. सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराप्रमाणे राखीव जागेसाठी आधी फक्त दलित मतदारांनी चौघांना निवडायचं आणि त्या चौघांतून एकाला सर्वांनी मिळून निवडायचं. टेक्सासने जे दार बाहेर ठेवण्यासाठी वापरलं, तेच इथे आत येण्यासाठी. पण मुदत दहा वर्षांची. स्वतंत्र भारतात राखीव जागा राहिल्या, ही पहिली पायरी गेली. माझ्या मते आपण गमावलेली ही मोठी गोष्ट आहे. मेळघाटच्या आदिवासींच्या वाट्याला तर ती कधी आलीच नव्हती.

पुढचा कायदा पक्षाच्या उंबरठ्यावरच थांबला. नोंदणी करताना पक्षाला लोकशाहीशी निष्ठेची हमी द्यावी लागते. पण ती मोडली म्हणून निवडणूक आयोग नोंदणी रद्द करू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलं. तिकीट नाकारलेल्याला दाद मागायला जागा नाही, म्हणून आपल्याकडे वकिलाऐवजी बंडखोरी.

एक प्रयोग मात्र शेजारीच झाला. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने राहुल गांधींच्या आग्रहाने काही मतदारसंघांत उमेदवारीसाठी मतदान घेतलं. त्यात वर्धा होता, आणि आपल्या, म्हणजे मेळघाटच्याच जिल्ह्यातले धामणगाव, मोर्शी वर्धा मतदारसंघातच येतात. सागर मेघे जिंकले, चारुलता टोकस हरल्या. मत होतं पदाधिकाऱ्यांना. आयुष्यभर पंजावर शिक्का मारणारा शेतकरी बाहेरच. तिकडे वडोदऱ्यात तर असं निवडलेल्या नरेंद्र रावतांना बाजूला सारून मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं गेलं.

वर्ध्यात मेघे भाजपच्या रामदास तडसांकडून पडले आणि काही महिन्यांत वडिलांसह भाजपमध्येच गेले. २०१९ साली काँग्रेसने टोकसांना तिकीट दिलं, या वेळी कसलंही मतदान न घेता. त्याही तडसांकडूनच हरल्या.