गिरवण्याआधीची गोष्ट

जूनमध्ये बालवाडीत घातलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलाची वही दिवाळीपर्यंत भरलेली दिसावी, अशी बहुतेक घरांत अपेक्षा असते. पानभर अ, मग पानभर आ. पालकांच्या लेखी ती वही म्हणजे भरलेल्या फीची पावती. ‘नुसतं खेळवतात, लिहून काही घेत नाहीत’ ही तक्रार कुठल्याच बालवाडीला परवडत नाही. मग ताई मुलाचा हात धरून पानं भरवतात. यात लबाडी कुणाचीच नाही. लिहिणं हे हाताचं काम आहे, हे गृहीतच मुळात कच्चं आहे.

हाताचंच म्हटलं, तरी घाई अंगाशी येते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः तिथे नुसती कूर्चा असते. एकेक हाड तयार होत शेवटचं दिसू लागायला नऊ ते बारा वर्षं लागतात. हालचालींवरचा ताबाही आधी खांद्याला, मग कोपराला आणि शेवटी बोटांना येतो. त्यामुळे शेंगा सोलणं, फुलं ओवणं, कणकेचे गोळे करणं, अंगणात खडूनं मोठाले गोल काढणं ही लेखनाचीच तयारी असते. मारिया माँटेसोरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह उघडलं. खरकागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायचं, लेखणी मागाहून, ही त्यांची रीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला तोच विचार आपल्या मातीत रुजवला. विकतच्या साधनांची जागा बिया, पानं, शंख-शिंपल्यांनी घेतली आणि बालवाडी आदिवासी पाड्यांच्या अंगणात गेली.

पण हात तयार झाला, तरी लिहायचं काय? आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि उद्या कुणालाही जसंच्या तसं वाचता येतं, हे मुलाला उमगायला हवं. त्यासाठी साधा उपाय आहे. मुलानं चित्र काढलं, की ताईंनी विचारायचं, “काय काढलंस रे?” “म्हस. तिला रेडकू झालं. आज्जी मला खरवस देनार हाय.” हे त्याच्या देखत, त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहायचं आणि खाली बोट फिरवत वाचून दाखवायचं. ‘हाय’चं ‘आहे’ करायची घाई नको. नाहीतर हे आपलं बोलणं नव्हेच, असं त्याला वाटेल. थोड्या दिवसांनी मूल स्वतः त्या चित्राखाली काहीतरी रेघोट्या ओढतं आणि वाचूनही दाखवतं. लेखनाचा आरंभ तो.

पुढे चुका होतात, त्याही नीट पाहाव्यात. ‘दिवा’ लिहिताना मूल द काढतं आणि वेलांटी पुढे जोडतं. कानाला आधी द् आणि मग इ ऐकू येते. ऱ्हस्व वेलांटी मात्र द च्या आधी काढायची असते. मुलाचा कान बरोबर आहे, लिपीचा संकेत तेवढा कळायचा आहे. तिथे लाल फुली मारून काय साधणार?

अक्षरांच्या क्रमाचंही तेच. अ ते ज्ञ संपवून मग बाराखडी, या वाटेनं गेलं तर स्वतःचं नाव लिहायलाही फार थांबावं लागतं. क, म, ल, र आणि काना एवढ्यावर काका, मामा, माला, राम लिहून होतात. ङ, ञ सावकाश येऊ देत.

वळणाला महत्त्व नाही, असं नव्हे. अक्षर कुठून सुरू करायचं याची चुकीची सवय लागली की पुढे सुटत नाही. म्हणून सहाव्या वर्षाच्या सुमारास रोज थोडा वेळ, शेजारी बसून गिरवून घ्यावंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. तेव्हा वेळ नाही, ही सबब उरत नाही.

अशुद्ध लिहिणारं मूल पुढे सुधारतं. लिहिणं म्हणजे उतरवून काढणं, हे चौथ्या वर्षी मनात बसलेलं मूल मात्र दहावीत गाईडमधला निबंध पाठ करतं. मग ‘आमच्या मुलांना स्वतःचं चार ओळी लिहिता येत नाहीत’ म्हणून हळहळणारे आपणच असतो.