जखमेची साक्ष

बर्फाळ उतारावरून ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने झेपावणाऱ्या स्कीपटूला आम्ही श्वास रोखून पाहतो. तो कोसळला की क्षणभर हळहळतो आणि नजर पुढच्या खेळाडूकडे वळवतो.

२००६ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघ आणि ऑस्लोच्या संशोधकांनी या दुखापतींची नोंद सुरू केली. पहिल्या काही मोसमांतच १०० खेळाडूंमागे तीसहून अधिक दुखापती आढळल्या, सर्वाधिक गुडघ्याच्या. नोंदींच्या पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा स्पर्धा-अधिकाऱ्यांच्या अहवालांतून थोड्याच हाती लागल्या. बहुतेक कळल्या त्या खुद्द खेळाडूंना विचारल्यावर.

पाहणे म्हणजे जाणणे, असे आम्ही धरून चालतो. पण ज्याचा गुडघा, त्याचीच साक्ष खरी. त्याला न विचारता मांडलेला वेदनेचा हिशेब अपुराच नव्हे, अन्यायाचाही असतो.